खंडोबाचा किडा घरी पाळताना: अंडपेटीपासून अंडपेटीपर्यंत

घरी पाळलेला खंडोबाचा किडा, म्हणजे मँटिस, उपासमारीनं क्वचितच मरतो. तो मरतो कात टाकताना. बरणी बुटकी असते, छत गुळगुळीत असतं, हवा कोरडी असते, नाहीतर नेमक्या त्या वेळी कुणीतरी बरणी हलवून बघतं. म्हणून खाली खाण्यापिण्याइतकंच छताबद्दल लिहिलं आहे.

आधी सापांचं बोलून घेऊ, कारण ही हौस बऱ्याचदा तिथून सुरू होते. भारतात देशी साप पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. धामण असो, दिवड असो की अजगराचं पिल्लू, ‘जखमी होता म्हणून ठेवला’ ही सबब चालत नाही. जखमी साप वन विभागाकडे द्यायचा. दुकानात मिळणारा बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्स या वन्य जिवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये येतो. त्यामुळे तो बाळगायचा तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि खरेदीचे कागद जपावे लागतात. शिवाय हा साप पंचवीस-तीस वर्षं जगतो. कात टाकणारा, शिकार करणारा, मान वळवून आपल्याकडे बघणारा प्राणी हवा असेल तर मँटिस एका वर्षात पूर्ण आयुष्य दाखवून जातो, आणि तोही शू-रॅकवरच्या जागेत. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून मात्र किडाही उचलायचा नाही. परदेशी जातीची अंडी कुरिअरनं मागवणं तर सरळ टाळाच. ती निसटली तर इथल्या जातींना त्रास, आणि परवान्याशिवाय जिवंत कीटक आयात करणं बेकायदाच आहे.

कोणती जात निवडावी

पहिल्या खेपेला हायरोड्यूला. आपल्याकडे बागेत, कुंपणावर, दिव्याखाली दिसणारा मोठा, रुंद पोटाचा हिरवा मँटिस बहुधा याच गटातला असतो. काही तपकिरी किंवा पिवळटही निघतात. मादी आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते. खाण्याचे नखरे नाहीत, हवामानातले चढउतार सोसतो, आणि चूक झाली तर सुधारायला थोडा वेळ देतो.

वाळक्या पानासारखा, लांब मानेचा गाँजिलस दिसायला देखणा. त्याची पिल्लं एकमेकांना फारसं खात नाहीत, एका पिंजऱ्यात चार-सहा राहतात. पण त्याला तीस अंशांपुढचं ऊन आणि उडतं भक्ष्य लागतं. जमिनीवर फिरणाऱ्या रातकिड्याकडे तो बघतही नाही. रोज माश्या पुरवायची तयारी नसेल तर तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पिल्लू मिळवायचे दोन मार्ग. श्रावण-भाद्रपदात कुंपणाच्या झुडपांवर अर्धवट वाढलेली पिल्लं सापडतात, ती आणायची. नाहीतर पावसाळा सरल्यावर काटक्यांवर चिकटलेली अंडपेटी शोधायची. ही पेटी म्हणजे वाळलेल्या फेसाचा भुरकट, सुपारीएवढा गोळा. बोटानं दाबला तर थर्मोकोलपेक्षा कडक लागतो. काटकी दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं ठेवून कापा, पेटी खरवडून काढू नका. पेटीच्या अंगावर टाचणीनं टोचल्यासारखी बारीक गोल भोकं दिसली तर ती तिथंच सोडा. पोडॅग्रिऑन नावाच्या इवल्या गांधीलमाशीची पिल्लं आतली अंडी खाऊन त्या भोकांतून निघून गेलेली असतात. मँटिसची स्वतःची पिल्लं पेटीच्या मधल्या शिवणीतून बाहेर येतात, बाजूला भोकं पाडून नाही. मात्र भोकं नाहीत म्हणजे पेटी निर्दोष असं समजू नका; गांधीलमाशी अजून आत असू शकते.

बरणी, आणि तिचं छत

नियम साधा आहे. किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी. कात टाकताना तो मागच्या पायांनी छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. नवं अंग जुन्यापेक्षा लांब असतं. खाली जागा कमी पडली की मऊ डोकं किंवा पुढचे पाय तळाला टेकतात आणि तसेच वाकडे वाळतात.

दोन-तीन सेंटिमीटरच्या पिल्लाला अर्ध्या ते एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी पुरते. कुरकुरीत खाऊच्या रिकाम्या बरण्या उत्तम. झाकणाचा मधला भाग कापून टाका, कडा तेवढी ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड ताणून झाकण फिरवा. हेच त्याचं छत. गुळगुळीत प्लास्टिकला मोठ्या मँटिसची पकड टिकत नाही, जाळीला टिकते. बाजूला, तळापासून साधारण तिसऱ्या भागावर, गरम सुईनं दहा-बारा भोकं पाडा म्हणजे हवा खालून आत येऊन वरून जाईल. एका बाजूला खडबडीत सालीची काटकी तिरपी लावा, पण छताचा मध्य मोकळा सोडा. पानं-फुलं, प्लास्टिकच्या वेली यांनी बरणी सजवायचा मोह आवरा. कात टाकणारा किडा त्यातच अडकतो.

तळाला टिश्यू पेपर पुरे, दर आठवड्याला बदलायचा. कोरड्या गावांत दोन सेंटिमीटर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. मोठ्या मादीला तीस सेंटिमीटर उंचीचा जाळीचा पिंजरा हवा. कपडे ठेवायची घडीची जाळीदार बास्केट उलटी करूनही काम भागतं. काचेच्या टाकीपेक्षा जाळी बरी. काचेवर डोकं घासून घासून डोळ्यांवर काळे डाग पडतात, ते पुढच्या काती शिवाय जात नाहीत आणि प्रौढाचे तर कधीच जात नाहीत. रात्री दोन्ही डोळे पूर्ण काळे होणं ही वेगळी गोष्ट, ती नेहमीची आहे. दिवसा डोळ्यात दिसणारा आणि आपल्यामागे फिरणारा काळा ठिपकाही आजार नाही. तो नुसता भास आहे, बुबुळ नव्हे.

तापमान २४ ते २८ अंश, आर्द्रता ५५ ते ७० टक्के. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, अंदाज इथं हमखास चुकतो. कोकणात पावसाळ्यात फवारा मारायची गरजच नसते, उलट बुरशी धरते म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. पुण्या-नाशकात मार्च ते मे दुपारी हवा तीस टक्क्यांखाली जाते. तिथं सकाळ-संध्याकाळ बारीक फवाऱ्यानं बरणीच्या एका भिंतीवर दोन फुसकारे. किडा त्यातलेच थेंब पितो, वाटीत पाणी ठेवायचं नाही. लहान पिल्लं त्यात बुडतात. फवाऱ्यानंतर दोन-तीन तासांत भिंत कोरडी झाली पाहिजे. दिवसभर ओल राहिली तर भोकं वाढवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात बरण्या माठाशेजारी, ओल्या गोणपाटावर ठेवल्या तरी फरक पडतो. हिवाळ्यात रात्री पारा पंधराच्या खाली जात असेल तर बरण्या थर्मोकोलच्या खोक्यात, शेजारी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. बल्ब खोक्यात ठेवू नका, थर्मोकोल पेट घेतं.

ज्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन किंवा झुरळांचा स्प्रे वापरला जातो तिथं मँटिस ठेवूच नका. ही औषधं कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि तुमच्या किड्याला त्यातून सूट नाही. पाय थरथरणं, पाठीवर पडून राहणं ही लक्षणं दिसली की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मुंग्यांसाठी खडूची रेघही नको. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या घरांत दुधाच्या कपाटाला ठेवायचे तसे.

चिलटांची शेती

अंडपेटी घरात आली त्याच दिवशी चिलटं लावायला घ्या. पेटी कधी फुटेल ते सांगता येत नाही आणि फुटल्यावर शंभर तोंडं एकदम उघडतात. केळ्यावरची साधी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला, हेच पहिल्या दोन टप्प्यांचं अन्न. (एका कातीपासून पुढच्या कातीपर्यंतचा काळ म्हणजे एक टप्पा.)

पाव लिटर पाण्यात २५ ग्रॅम गूळ विरघळवा, २५ ग्रॅम बारीक रवा आणि अडीच ग्रॅम अगर पावडर घालून गुठळी न होऊ देता शिजवा. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जनुकशास्त्राच्या चिलटांना हेच गूळ-रव्याचं खाद्य देतात. तिथं बुरशी रोखायला प्रोपिऑनिक ॲसिड घालतात. घरी खाली उतरवून कोमट झाल्यावर दोन चमचे व्हिनेगर घाला. अर्ध्या लिटरच्या तीन स्वच्छ बाटल्यांत प्रत्येकी दोन-तीन सेंटिमीटर थर ओता, गार झाल्यावर वर चिमूटभर कोरडं यीस्ट भुरभुरा आणि कागदाची घडी उभी खोचा म्हणजे चिलटांना बसायला कोरडी जागा होते. पिकलेलं केळं उघड्यावर ठेवून पकडलेली वीस-तीस चिलटं सोडा, तोंडाला मलमलीचं कापड बांधा, वर तारीख लिहा. २५ अंशांना दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. दर आठवड्याला एक नवी बाटली लावत राहा, जुनी तीन आठवड्यांनी उकळत्या पाण्यानं धुवा, नाहीतर सूक्ष्म कोळी शिरतात आणि सगळ्या बाटल्या बसतात.

मे महिन्यात भरपूर चिलटं सोडूनही अळ्या दिसत नाहीत, ही तक्रार नेहमीची. ३० अंशांच्या आसपास या चिलटांचे नर वांझ होतात. बाटली घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, ओल्या फडक्यात ठेवा.

ही चिलटं उडतात, म्हणून खायला घालताना बाटली चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवा. सुस्तावली की हवी तेवढी पिल्लांच्या बरणीत झटका. दोन मिनिटांत जागी होतात.

पेटी फुटल्यावर

पेटी काटकीसकट बरणीच्या छताजवळ, सापडली होती त्याच दिशेनं बांधा आणि खाली निदान दहा सेंटिमीटर मोकळं सोडा. जाळीऐवजी मलमल किंवा जुनी ओढणी, कारण नवजात पिल्लू मच्छरदाणीच्या छिद्रातून सहज जातं. एक दिवसाआड हलका फवारा, थेट पेटीवर नाही. २६-२८ अंशांना ठेवलेली ताजी पेटी साधारण चार ते सात आठवडे घेते. बहुतेकदा सकाळी शिवणीतून पिवळसर पिल्लं एकामागोमाग बाहेर लोंबतात, तिथंच पहिली पातळ कात टाकतात आणि तासाभरात पायांवर उभी राहतात. पेटीखाली उरलेला पांढुरका झुबका म्हणजे त्या काती.

एका पेटीतून पन्नास ते दोनशेपर्यंत पिल्लं निघतात. सगळी पाळायचा विचारही करू नका. पंधरा-वीस ठेवा, उरलेली पिल्लं, पेटी जिथून आणली त्याच झुडपांत संध्याकाळी थोडी थोडी सोडा. पहिला दिवस ती खात नाहीत. नंतर पिल्लामागे रोज चार-पाच चिलटं. खाणं मुबलक आणि काटक्या भरपूर असतील तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत एकत्र राहतात, तोवर थोडी एकमेकांना खातातच. त्यानंतर प्रत्येकाला स्वतंत्र बरणी, यात तडजोड नाही.

पुढचं खाणं आकारावर ठरतं. भक्ष्य किड्याच्या लांबीच्या निम्म्याहून मोठं नको. तिसऱ्या टप्प्यापासून घरमाश्या, लहान रातकिडे, छोटे नाकतोडे. दर दोन-तीन दिवसांनी, पोट फुगीर होईल इतकं. पोट सपाट आणि पान वाळल्यासारखं दिसलं तर भूक, टम्म फुगून काचेसारखं ताणलेलं दिसलं तर चार दिवस काही देऊ नका. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारे मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) चालतात, पण चिमट्यानं धरूनच द्या. सुटे सोडले तर कोकोपीटमध्ये दडी मारतात आणि रात्री कात टाकणाऱ्या किड्याचे पाय कुरतडतात. रातकिडेही तेच करतात. म्हणून न खाल्लेलं भक्ष्य संध्याकाळी बाहेर काढा.

रानातून नाकतोडे आणत असाल तर फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे नकोत. रुईवर बसणारा पिवळा-निळा रंगीत टोळ तर अजिबात नको. तो रुईचं विष अंगात साठवतो. रुईवर वाढणारी नारिंगी-काळी फुलपाखरंही त्याच यादीत. मुंग्या, काजवे नकोत. घरातली झुरळं देऊ नका, ती शेजारच्या घरातलं औषध खाऊन आलेली असू शकतात.

लटकण्याचा दिवस

कातीआधी दोन-तीन दिवस खाणं सुटतं, शेवटच्या कातीआधी आठवडाभरही. किडा छताला चिकटून बसतो, भक्ष्य जवळ आलं तर हल्ला करण्याऐवजी मागे सरकतो. मोठ्या पिल्लाच्या पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसल्या की शेवटची कात जवळ आली. बरणीतलं सगळं भक्ष्य काढा, आर्द्रता सत्तरपर्यंत न्या, आणि नंतर हात लावू नका. साफसफाई, बरणी बदलणं, पाहुण्यांना दाखवणं, सगळं पुढच्या आठवड्यात.

प्रत्यक्ष कात वीस-तीस मिनिटांत निघते. पाठीवर मानेमागे कातडी उकलते, फिकट हिरवं अंग ओघळल्यासारखं खाली येतं, पुढचे पाय मोज्यातून निघावेत तसे सुटतात. काही वेळ किडा नुसत्या पोटाच्या टोकावर लोंबत असतो. मग अंग वर उचलून जुन्या कातीला किंवा छताला धरतो. इथं फवारा मारायचा नाही. नंतर चोवीस तास उपास, प्रौढ झालेल्याला दोन-तीन दिवस. पुढचे पाय कडक होण्याआधी भक्ष्य दिलं तर पकडताना तेच वाकतात.

मध्येच खाली पडला तर वेळ फार थोडा असतो. अंग अजून मऊ असेल तर जुन्या कातीचं टोक चिमट्यानं धरून दोऱ्यानं किंवा टाचणीनं छताला अडकवा, म्हणजे उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. किड्याला ओढायचं नाही. एखादा पाय वाकडा किंवा तुटका निघाला तर घाबरू नका, पुढच्या दोन-तीन कातींत तो भरून येतो, आधी आखूड मग पुरता. पुढचे दोन्ही पाय निकामी झाले तर माशी अर्धी करून चिमट्यानं तोंडाशी धरा, ओलं लागलं की खायला लागतो. शेवटच्या कातीत असं झालं आणि तो खाऊच शकत नसेल तर फ्रीझर ही त्यातल्या त्यात दयाळू वाट.

काळी, दुर्गंधी उलटी हा आजारी किंवा घाणीतल्या रातकिड्यांचा प्रसाद. तीन दिवस खाणं बंद, फक्त पाणी, बरणी धुऊन कोरडी, पुढचं भक्ष्य माशी. सगळेच वाचत नाहीत.

नर, मादी आणि जोडी

पोटाचे खालचे खंड मोजा. मादीला सहा दिसतात आणि शेवटचा मोठा, नराला आठ आणि टोकाकडचे बारीक. चौथ्या-पाचव्या टप्प्यापासून हे भिंगाशिवायही कळतं. प्रौढ नर सडपातळ, मिशा लांब, पंख पोटाच्या पुढे गेलेले.

अडचण अशी की भावंडांत नर एक कात कमी टाकून आधी प्रौढ होतात आणि मादी तयार होईपर्यंत म्हातारे होतात. म्हणून नर ओळखू आले की त्यांना दोन-तीन अंश गार जागी ठेवा आणि खाणं निम्मं करा. माद्यांना उबेत भरपूर खाऊ घाला. दिवाळीच्या आगेमागे गॅलरीतल्या दिव्यावर येणारे मँटिस बहुतेक नरच असतात. त्यातला त्याच जातीचा एक मिळाला तर भावंडांची जोडी लावण्यापेक्षा ते चांगलं.

शेवटच्या कातीनंतर नराला दोन आणि मादीला तीन-चार आठवडे द्या. मादी रात्री पोट खाली वाकवून पंख किंचित उचलून बसू लागली की ती गंध सोडून नराला बोलावते आहे. आधीचे चार दिवस तिला रोज पोटभर. जोडीच्या संध्याकाळी मोठ्या, निदान पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पिंजऱ्यात मादीला मोठा नाकतोडा द्या. ती खाण्यात गुंतली की नराला काटकीवरून तिच्या मागे, एक वीत अंतरावर सोडा. समोर कधीच नाही. नर तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा राहील, मिशा हलवत इंच इंच सरकेल, मग एकदम झेप घेऊन पाठीवर बसेल. तो नुसता पाठीवर बसणं म्हणजे मीलन नव्हे. पोटाचं टोक बाजूनं वळून जोडलेलं दिसलं पाहिजे. हे सहा तासांपासून रात्रभर चालतं. मादीचा नाकतोडा संपत आला तर लांब चिमट्यानं दुसरा द्या. नर उतरला की लगेच काढून घ्या. मीलन एकदा नीट झालं की पुढच्या सगळ्या पेट्यांना पुरतं.

आठ-पंधरा दिवसांत मादीचं पोट अंगठ्याएवढं जाड होतं. या काळात तिला हातावर घेऊ नका, टेबलावरून पडली तरी पोट फुटतं. एके रात्री ती खडबडीत काटकीवर उलटी बसून पोटाच्या टोकातून फेस काढत पेटी रचते, काही तास लागतात. दोन दिवस पेटी वाळू द्या, मग काटकीसकट कापून वेगळ्या बरणीत, वर तारीख. जाळीवरच घातली असेल तर जाळीचा तुकडा कापून घ्या. मादी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं आणखी पेट्या घालते, नंतरच्या लहान असतात. नराशिवायही ती पेटी घालते आणि ती दिसायला हुबेहूब असते, म्हणून जोडी न लावलेल्या मादीच्या पेटीवर ‘वांझ’ असं तेव्हाच लिहून ठेवा. शेवटच्या पेट्यांच्या सुमारास तिचे पाय काळे पडू लागतात, छताची पकड सुटते. बरणी आडवी करा, तळाला टिश्यूचे दोन थर, आणि माशी चिमट्यानं भरवत राहा.